गुरुवारचे सत्तावन्न किलोमीटर

३ फेब्रुवारी

बारके,

माझी गाडी लिटरला एकवीसच्या वर जाऊच शकत नाही. आज सकाळी गॅरेजवाल्याने हे छातीठोकपणे सांगितलं, आणि तो गेली वीस वर्षं याच छोट्या गाड्यांची बॉनेटं उघडून बसलेला माणूस आहे. माझ्या वहीत मागच्या वर्षाचं ॲव्हरेज ३०.४ आहे. दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय, आणि वही माझ्या हातची आहे.

पाच वर्षांनी पत्र आलं आणि त्यात गाडीचं रडगाणं, असं म्हणशील. म्हण. मी ख्यालीखुशाली विचारायला लिहीत नाहीये. आई तुझ्याकडे आहे म्हणजे नीटच असणार, हे मी धरून चालतो. माझं गणित अडलं आहे, आणि शाळेत गणित शिकवणारी माझ्या ओळखीत तू एकटीच आहेस. शिवाय ही पद्धत बाबांनी आपल्या दोघांना एकाच दिवशी शिकवली होती. त्यांच्या पावाच्या व्हॅनच्या पायरीवर बसून. टाकी फुल्ल करायची, आकडा लिहायचा. पुन्हा फुल्ल करताना जेवढं पेट्रोल मावेल, तेवढं मधल्या किलोमीटरांनी प्यायलं. तू तेव्हा सात वर्षांची होतीस आणि भागाकार माझ्याआधी केला होतास.

मी तेच करत आलो. पहिल्या वर्षी १९.८. दुसऱ्या वर्षी २०.१. तिसऱ्या वर्षी २४.२. चौथ्या वर्षी २८.४. आणि आता ३०.४.

खरं सांगतो, मला वाटलं हे माझ्या हाताचं कसब. मी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवतो तो अंड्यावर ठेवल्यासारखा. सिग्नलला इंजिन बंद करतो. चाकांची हवा दर रविवारी पाहतो. ऑफिसात मला तीसमारखान म्हणतात, आणि मी इंधन बचतीचे दहा नियम टाइप करून कँटीनच्या फलकावर लावले आहेत. तीन जणांनी ते पाळून पाहिले. तिघांनाही काही फरक पडला नाही. त्यांना जमत नाही, असं मी म्हणत होतो.

आज वही गॅरेजवाल्यापुढे ठेवली. त्याने हात पुसले, चष्मा लावला, शेवटचं पान पाहिलं आणि हसला.

"साहेब, कंपनी स्वतः जाहिरातीत एवढं लिहीत नाही."

"जाहिरात खोटी असते. ही वही खरी आहे."

"वही खरी असेल. पण पोरगं घरी कमी जेवायला लागलं की आई काय म्हणते? बाहेर कुठेतरी खाऊन येतंय."

तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जात नाही. आकडे सोबत जोडले आहेत. तपासून कळव. तुझ्या वहिनीला यातलं काही सांगितलेलं नाही, तेव्हा उत्तर घरी नको, ऑफिसच्या पत्त्यावर पाठव.

दादा


११ फेब्रुवारी

बारके,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे, परीक्षांचे दिवस असतील.

मी माझ्या परीने तपास सुरू केला आहे. वजनमापे निरीक्षक म्हणून सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचे तराजू तपासले, पण स्वतःच्या गाडीसाठी खात्याचं पाच लिटरचं माप पहिल्यांदाच बाहेर काढलं. मी नेहमी भरतो तो पंप गाठला आणि सरळ सांगितलं की तुमच्या यंत्रावर संशय आहे.

पंपवाला घामाघूम. "कमी पडतंय का साहेब?"

"जास्त पडतंय."

त्याने नळी जागेवर अडकवली. मग मागे वळून मालकाला म्हणाला, "शेठ, हे जास्त दिलं म्हणून तक्रार करतायत. काय लिहू?"

मापात पेट्रोल रेषेला रेष भिडलं. थेंबाचा फरक नाही. म्हणजे पंप निर्दोष. किलोमीटरचा आकडाही महामार्गावरच्या दगडांशी ताडून पाहिला. दहा दगड, दहा किलोमीटर. तोही निर्दोष.

आता राहिली माणसं.

काल गाडी पुसताना एक गोष्ट दिसली. चालकाच्या शेजारची सीट पार मागे सरकवलेली होती, पाठही कललेली. तिथे तुझी वहिनी बसते. तिची उंची तुला माहीत आहे. ती सीट पुढे घेऊन बसते, नाहीतर तिचे पाय अधांतरी राहतात. मी मागे सरकवलेली नाही. चालकाची सीट मात्र जिथल्या तिथे, केसभरही हललेली नाही. आणि आत बामाचा वास. आमच्या दोघांपैकी कोणी बाम लावत नाही.

म्हणजे कोणीतरी लांब पायांचा माणूस माझ्या गाडीत बसतो.

समोरच्या इमारतीत पोहणं शिकवणारा एक मास्तर राहतो. सहा फूट दोन इंच. खेळाडू लोक बाम लावतात. त्याच्याशी बोलताना तुझी वहिनी मोठ्याने हसते, हे मी दोनदा पाहिलं आहे. मी काही म्हणत नाही. फक्त नोंद करतो आहे.

तुझी वहिनी गाडी चालवत नाही, हेही लिहून ठेवतो. गाडी घेतली तेव्हा मी तिला शिकवायला घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी तिने फाटकाचा खांब घासला. तुला क्लच जमणार नाही, असं मी म्हटलं आणि विषय संपला. ती काही बोलली नाही. आता वाटतं, ती जेव्हा काही बोलत नाही तेव्हाचीच नोंद ठेवायला हवी होती.

हे सगळं तुलाच का लिहितो, ते विचारू नकोस. ऑफिसात सांगितलं तर उद्या कँटीनमध्ये चर्चा होईल. तू निदान माझ्याशी बोलत नाहीस, म्हणजे माझ्याबद्दल इतरांशीही बोलत नसशील.

दादा


२० फेब्रुवारी

बारके,

तुझं कार्ड मिळालं. पाच वर्षांनंतर चार शब्द. "अंश बरोबर. छेद तपास." खाली सही म्हणून नुसता 'बा'.

पहिल्यांदा राग आला. चौथीच्या पोराच्या वहीत लाल शाईने लिहावं तसं. मग वही घेऊन बसलो. अंश म्हणजे किलोमीटर. छेद म्हणजे लिटर. किलोमीटर मी मोजलेच नव्हते, ते गाडीने मोजले, आणि गाडी सगळ्यांचे मोजते. लिटर मात्र मी फक्त माझे लिहिले. मधल्या दिवसांत कोणी गाडी नेली आणि जाताना-येताना स्वतःच पेट्रोल भरून काटा जागेवर आणून ठेवला, तर वहीला कळणार कसं? वहीत ॲव्हरेज वाढलेलं दिसणार. दोन आकड्यांच्या मध्ये मी किती फिरलो, हे मी कधी आठवून पाहिलंच नाही. आकडा सांगतो तितकं फिरलो असणार, असं धरत गेलो. दुसऱ्याने असं केलं असतं तर मी नोटीस दिली असती.

म्हणजे गाडी खरंच बाहेर जेवून येत होती.

बुधवारी संध्याकाळी आकडा लिहून ठेवला. गुरुवारी मला दौरा असतो, ऑफिसची जीप सकाळी नऊला नेते आणि सहाला आणून सोडते. काल परत आल्यावर पहिल्यांदा गाडीकडे गेलो. बॉनेट गार. काटा बुधवारी होता तिथेच, अर्ध्याच्या रेषेवर. आकडा सत्तावन्नने पुढे.

सत्तावन्न किलोमीटर, बारके. एका दिवसात. माझ्या फाटकाआत उभ्या असलेल्या गाडीने.

गुरुवारी दवाखाना बंद असतो, म्हणजे तुझ्या वहिनीलाही सुट्टी. ती तिथे नोंदणीच्या खिडकीवर बसते, एवढं तुला आठवत असेल. जेवताना मी सहज विचारलं.

"आज काय केलंस दिवसभर?"

"कपडे. इस्त्री. थोडी पडले. का?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काहीतरी आहे. तुमचा आवाज तराजू जप्त करतानाचा लागलाय."

"कोणी आलं होतं का?"

"कोण येणार? या घरात येणारी माणसं तुम्हीच एकेक करून कमी केलीत." मग भात वाढत म्हणाली, "घ्या अजून. उगाच कमी जेवू नका."

गॅरेजवाल्याचं वाक्य मी तिला सांगितलं नव्हतं. मी भात दोनदा घेतला.

बावीस वर्षांच्या संसारात मी तिच्यावर कधी संशय घेतला नाही. घेण्याची वेळ आली नाही, असं म्हणणं जास्त खरं. आता ती कपाट उघडते तेव्हा मी कान देऊन ऐकतो. ती फोनवर हळू बोलली की मी नळ बंद करतो. रोज दुकानदारांच्या मापाखाली चुंबक शोधणारा मी, घरी परत येऊन बायकोच्या पर्समध्ये शोधतो आहे. आज शोधलंच. बामाची डबी सापडली.

ती गेली तर माझ्याकडे काय उरतं, याचा हिशेब मला करायचा नाही. तरी पुढच्या गुरुवारी रजा टाकली आहे. जीप आल्यावर मी तिच्यात बसेन आणि पहिल्या वळणावर उतरेन. आमच्या फाटकासमोर सलून आहे. त्याच्या आरशात फाटक नेमकं दिसतं.

तुला छेद कसा सुचला, हा प्रश्नही माझ्या मनात आहे. मी तुला फक्त आकडे पाठवले होते.

दादा


२७ फेब्रुवारी

बारके,

गाडी तुझी वहिनीच नेते. मी डोळ्यांनी पाहिलं, आणि सलूनवाल्याने दुजोरा दिला.

काल सव्वादहाला खुर्चीत बसलो. त्याने गळ्याभोवती कापड बांधलं, साबण लावला, डावा गाल केला. शेजारच्या खुर्चीत पोहण्याचा मास्तर मान मागे टाकून बसलेला. तो तिथे दिसल्यावर मला हायसं वाटलं, आणि लगेच त्याहून मोठी भीती वाटली. मास्तर इथे असेल तर तो माणूस दुसराच कोणी.

साडेदहाला आरशात फाटक उघडलं. ती बाहेर आली. चष्मा लावला. आत बसली. गाडी उलटी, एका दमात रस्त्यावर. खांब आणि गाडी यांच्यात चार बोटांचं अंतर, तेही दोन्ही बाजूंना सारखं. मी स्वतः तीन झटक्यांत काढतो.

सलूनवाला वस्तरा पुसत म्हणाला, "निघाल्या वहिनी. साडेदहा झाले. घड्याळ लावून घ्या."

"दर गुरुवारी?"

"दर गुरुवारी. आधी पंधरा दिवसांनी जायच्या. तेव्हा काय घाबरायच्या! आता हात बघा."

मास्तर मान न वळवता म्हणाला, "रिव्हर्स मी शिकवला. तलावाजवळच्या मोकळ्या मैदानात. तुम्हाला माहीत नाही? मग सरप्राइज असेल हो. मी बोललो नाही समजा."

म्हणजे गल्लीला माहीत. सलूनला माहीत. तीन वर्षं. आणि निरीक्षक कोण, तर मी.

तिच्या मागे जायला रिक्षा मिळाली असती. गेलो नाही. अर्ध्या दाढीने घरी आलो, वही उघडली आणि सत्तावन्नकडे बघत बसलो.

मग एक आकडा आठवला. तेवीस.

तेवीस किलोमीटर मला पाठ आहेत, कारण ते मी टॅक्सीच्या मीटरवर पाहिले होते. ज्या दिवशी आईला तुझ्याकडे सोडलं, त्या दिवशी. नवी गाडी दारात उभी होती आणि आई टॅक्सीतून गेली, कारण तिची चाकाची खुर्ची आपल्या डिकीत मावत नव्हती. मी पुढे बसलो होतो आणि सवयीने मीटरकडे पाहत होतो. मागे वळून पाहायला नको म्हणून.

तेवीस जाणं, तेवीस येणं. शेहेचाळीस.

लांब पायांचा माणूसही मग सापडला. ऑपरेशननंतर आईचा उजवा गुडघा वाकत नाही. तिला बसायचं तर सीट पार मागे घ्यावी लागते. बामही तिचाच. मागच्या सीटच्या पाठीवर दोन काळ्या रेघा आहेत, खुर्चीच्या चाकांच्या रबराच्या. त्या मी तीनदा पुसल्या होत्या आणि दर वेळी नव्या उमटत होत्या.

मी तुला पत्रं लिहीत होतो, संशयिताचं वर्णन कळवत होतो, आणि संशयित तुझ्या घरात बसून तुझ्याबरोबर ती वाचत होती. दोघी पोट धरून हसल्या असाल. हसा.

आता जे लिहितो ते पाच वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. तू तेव्हा म्हणालीस, मोठी गाडी घे. मी म्हटलं, छोटीचं ॲव्हरेज चांगलं आहे. तू म्हणालीस, "मग आईचं ॲव्हरेज किती पडतं तेही वहीत लिही." त्यानंतर आपण बोललो नाही. तुला वाटलं, मी डिकी न पाहता गाडी घेतली. मूर्खपणा केला. मीही तसंच वाटू दिलं.

मी पाहिली होती. टेप घेऊन गेलो होतो. खुर्ची घडी करून एकशे तीन सेंटिमीटर, डिकी अठ्ठ्याण्णव. विकणारा पोरगा हुशार होता. त्याने टेप पाहिली, काही न विचारता मागच्या सीटचा खटका ओढला, सीट आडवी केली. म्हणाला, "आता बघा साहेब, कपाट मावेल." मी पाहिलं. मावत होतं. आणि मी त्याला विचारलं, "लिटरला किती देते?"

तो खटका मी घरी कोणालाही दाखवला नाही.

मी थकलो होतो, बारके. रोज सकाळी उचलणं, संध्याकाळी उचलणं, तिचं ते 'जपून रे' म्हणणं. तिने जावं असं मला वाटत होतं, पण ते माझ्या तोंडून निघू नये. म्हणून गाडीला बोलायला लावलं. आईने डिकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "राहू दे. मी बारकीकडे जाते." तिने ड्रायव्हरबरोबर चाळीस वर्षं संसार केला आहे. सीट आडवी होते, हे तिला माहीत नसेल, असं मला आज वाटत नाही.

तुझी वहिनी चारला परत आली. मला घरात पाहून दारातच थांबली.

"अर्धीच दाढी?"

"आई कशी आहे?"

तिने किल्ली टेबलावर ठेवली. लपवली नाही. "पाय आखडलाय. तोंड चालू आहे."

"माझं काही विचारते?"

"गाडी किती देते ते विचारतात. मी सांगितलं, तीस. म्हणाल्या, शक्य नाही, त्याच्या बापाला जमलं नाही. कोणीतरी चोरून भरतंय म्हणावं त्याला."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"पहिल्यांदा जाऊन आले तेव्हा सांगणारच होते. पुढच्या वेळी टाकी भरून तुम्ही वही नाचवत आलात, चोवीस झालं म्हणून. इतके खूश होतात! नंतर सांगितलं असतं तर तुमचं ॲव्हरेजही गेलं असतं आणि माझा गुरुवारही." मग सीटचा विषय तिनेच काढला. "मागची सीट आडवी होते, माहीत आहे का तुम्हाला? मला मास्तरांनी दाखवलं."

मी हो म्हटलं. माहीत होतं म्हटलं. पहिल्यापासून.

ती खुर्चीवर बसली. बराच वेळ काही बोलली नाही. या वेळी मी नोंद ठेवली.

दादा


१ मार्च

बारके,

ऑफिसातले दहा नियम काल काढून आणले. फलकावर चार टाचण्या तेवढ्या उरल्या. तीसमारखान कुठे गेला, विचारलं लोकांनी. बदली झाली म्हटलं.

घरात आम्ही बोलतो, पण कामापुरतं. तुझ्या वहिनीला मी तीन आठवडे पाळतीवर ठेवलं होतं, हे मीच सांगितलं. पर्सचंही सांगितलं. ती म्हणाली, "डबी जागेवर ठेवलीत ना? आईंची आहे." एवढंच. माफ केलं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून मला वाचता येत नाही.

एक गोष्ट अजून उलगडलेली नाही. सत्तावन्नातून शेहेचाळीस गेले तर अकरा उरतात. हे अकरा किलोमीटर कुठले? गेल्या वर्षापासूनच आहेत, वही तसंच सांगते. तुझी वहिनी आईला कुठेतरी नेते, आणि खुर्ची बरोबर घेते म्हणजे तिथे उतरवते, इथवर मी पोचलो आहे. तुझ्या घराभोवती साडेपाच किलोमीटरवर काय काय येतं, ते नकाशात पाहिलं. तलावाचा बांध आहे, दवाखाना आहे, आणि बाबा जिची व्हॅन चालवायचे ती बंद पडलेली पावाची फॅक्टरी आहे. तुझ्या वहिनीला विचारलं.

"ते आईंना विचारा."

"मी आलेलं तिला चालेल?"

"तेही त्यांनाच विचारा. मी ड्रायव्हर आहे, साहेब. विचारपूस माझ्याकडे नाही."

तिने एवढं मान्य केलं आहे की येत्या गुरुवारी मला बरोबर नेईल. चालवणार तीच. मी शेजारी बसायचं आणि ब्रेकसाठी पाय आपटायचा नाही, ही तिची अट. तुझ्या फाटकापर्यंत मला जागा आहे. त्यापुढे नाही, कारण खुर्चीसाठी सीट आडवी केली की गाडीत दोघंच मावतात. आई आणि चालवणारा. अकरा किलोमीटरांना कोणाला न्यायचं, ते आई ठरवेल.

ती माझ्याबरोबर बसली तर खटका मीच ओढीन, तिच्यासमोर. काय सांगायचं ते ठरवलं आहे, पण ऐन वेळी मी ॲव्हरेजबद्दल बोलायला लागेन, अशी मला स्वतःबद्दल शंका आहे. नाही बसली, तर त्या दोघी परत येईपर्यंत मी तुझ्या पायरीवर थांबेन. तुला दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस.

हे पत्र तुला बुधवारपर्यंत मिळेल. आईला आधी सांगायचं की नाही, ते तू ठरव. बुधवारी संध्याकाळी मी टाकी फुल्ल करणार आहे, म्हणजे तुझ्या वहिनीला वाटेत पंपावर थांबावं लागणार नाही. गुरुवारी साडेदहाला निघू, सव्वाअकराला पोचू. परत येईपर्यंत आकड्यात सत्तावन्नची भर पडेल. माझी गाडीत जागा कुठे होती, ते मात्र या वेळीही आकड्यावरून कळणार नाही. ते तूच पायरीवरून पाहशील.

दादा